टॅली : एकाच सॉफ्टवेअरवर या कंपनीने एवढी वर्षं कशी काढली?

कीर्द_खतावणी

मंडळी, परवा घरी वाद झाला. पुतण्या आयटीत आहे. त्याच्या मते टॅली, म्हणजे आपलं हिशेबाचं सॉफ्टवेअर, हे सॉफ्टवेअर नव्हेच, "एन्ट्र्या मारायचं जुनाट मशीन". मी निवृत्त बँकवाला. कॅश क्रेडिटच्या फायली तपासण्यात हयात गेली, आणि त्या प्रत्येक फायलीला टॅलीतून काढलेला ताळेबंद टाचलेला असायचा. त्यामुळे मला राग आला.

थोडक्यात इतिहास असा. बंगळुरूचे श्यामसुंदर गोयंका दक्षिण आणि पूर्व भारतातल्या कारखान्यांना, कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत. स्वतःच्या धंद्याचा हिशेब ठेवायला धड सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरतला, कामाला लावलं. साल १९८६. डॉसवर चालणाऱ्या त्या पहिल्या प्रोग्रामचं नाव होतं प्यूट्रॉनिक्स फायनान्शियल अकाउंटंट. १९९१ मध्ये कंपनीची नोंदणी झाली, १९९९ मध्ये तिचं नाव टॅली सोल्युशन्स झालं. २००९ मध्ये टॅलीची ईआरपी ९ ही आवृत्ती आली, २०२० मध्ये प्राइम. त्याच २०२० साली भरत गोयंकांना पद्मश्री मिळाली. कंपनी अजून घरचीच आहे, शेअर बाजारात आलेली नाही.

त्या काळी गावोगाव कुणी ना कुणी हिशेबाचे प्रोग्राम लिहून विकत होतं. ते सगळे कुठे गेले? हीच कंपनी का टिकली? तुमच्या धंद्यात, नोकरीत काय पाहिलंत ते लिहा.

झिरो_बॅलन्स

एफ ८ (टॅलीत विक्रीचं बिल करायची कळ) दाबून जागा पकडून ठेवतोय. बिल नंतर फाडतो.

आडत_दुकान

सांगली मार्केट यार्ड. हळद, गूळ, बेदाणा. आमच्याकडे टॅलीच्या आधी असाच एक गावठी प्रोग्राम होता. फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला. वाईट नव्हता, पण त्यात प्रत्येक पार्टीला नंबर. शेतकऱ्याला नंबर, व्यापाऱ्याला नंबर, हमालीला नंबर, तोलाईलासुद्धा नंबर. दिवाणजींच्या डोक्यावर खिळ्याला एक पुठ्ठा टांगलेला असायचा, त्यावर सगळे नंबर. नवीन माणूस आला की पुठ्ठ्यावर खाली खाली लिहायचं. पुठ्ठा संपला की दुसरा. दिवाणजी रजेवर गेले की दुकान आंधळं.

टॅली आलं तेव्हा दिवाणजींनी पहिली एन्ट्री करताना 'पा' टाइप केलं आणि समोर पाटलांची यादी उघडली. नंबर नाहीच. नाव टाका, माणूस समोर. आता आमच्याकडे पाटील इतके की नुसत्या नावाने भागत नाही, म्हणून दिवाणजींनी स्वतःची पद्धत काढली : 'पाटील बा. कवठेमहांकाळ', 'पाटील बा. तासगाव', 'पाटील बा. तासगाव (लंगडी म्हैस)'. शेवटचं मी बदलायला लावलं. लेजरचा (खात्याचा) प्रिंट त्या गृहस्थांच्याच हातात जायचा होता.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच. बाकीच्यांनी संगणकाला सोयीचा हिशेब बनवला. गोयंका स्वतः व्यापारी होते. चोपडीत खातं नावाने असतं, नंबराने नसतं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

डेबिट_ताई

लंगडी म्हैस!!! ऑफिसात हसले, सगळे बघायला लागले.

आमच्या एका क्लायंटकडे 'सस्पेन्स' खात्याशिवाय (कशाची ते न कळलेली रक्कम तात्पुरती टाकायचं खातं) 'सस्पेन्स २' आणि 'सस्पेन्स साहेबांना विचारणे' अशी खाती आहेत.

पुणे_३०

धागाकर्त्यांच्या पुतण्याच्या बाजूने बोलतो, कुणीतरी बोलायला हवं.

टॅलीचा डेटाबेस त्यांचा स्वतःचा. साधी एसक्यूएल क्वेरी लिहून हवं ते थेट काढता येत नाही, ओडीबीसी नाहीतर एक्सएमएल या डेटा बाहेर काढायच्या दारांनी जावं लागतं. एखादं कस्टमायझेशन हवं असेल तर त्यांच्याच टीडीएल भाषेत लिहायचं, आणि ती येणारी माणसं वेगळी शोधायची. ब्राउझरमध्ये रिपोर्ट दिसायला २०१९ साल उजाडावं लागलं. तोवर लोक रिमोट डेस्कटॉप लावून 'टॅली ऑन क्लाउड' म्हणत होते. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर टॅली उघडणं म्हणजे क्लाउड नव्हे.

तुलनेला सॅप घ्या. १९७२ मध्ये आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जर्मन इंजिनियरांनी सुरू केलेली कंपनी. आज जगातल्या मोठ्या कारखान्यांचा कारभार त्यावर चालतो. टॅली आपल्या गल्लीत मोठी, एवढंच.

आडत_दुकान

@पुणे_३०, सॅप बसवायला जो सल्लागार येतो त्याच्या एका महिन्याच्या बिलात आमच्या गल्लीतल्या सगळ्या गाळ्यांची टॅली येईल. आणि क्वेरी कुणाला लिहायची आहे हो? मला बाकी किती ते कळलं की झालं.

सीए_आणि_चहा

आडत_दुकान यांनी नावांचं सांगितलं ते बरोबर आहे, पण अर्धंच. माझ्या मते खरं कारण वेगळं आहे आणि ते आम्हा ऑडिटरांना फारसं आवडत नाही. टॅलीत खोडता येतं.

@पुणे_३०, सॅपमध्ये एकदा डॉक्युमेंट पोस्ट झालं की झालं. चूक असेल तर उलटी एन्ट्री करा, दोन्ही कायमच्या दिसणार. टॅलीत? जुनं व्हाउचर (नोंद) उघडा, रक्कम बदला, कंट्रोल ए दाबून सेव्ह. नको असेल तर ऑल्ट डी. 'टॅली ऑडिट'चा पर्याय मुद्दाम चालू केला नसेल तर मागे खूण नाही. मार्चमध्ये बसून गेल्या जूनची एन्ट्री सुधारा, सप्टेंबरच्या बिलाची पार्टी बदला, बॅलन्स शीट त्या क्षणी नवी होऊन समोर. वेगळं पोस्टिंग नाही, महिना बंद करणं नाही, काही नाही.

आर्टिकलशिपमध्ये (सीएच्या उमेदवारीत) मी हे रोज पाहिलंय. क्लायंटचा अकाउंटंट कॅश बुक उघडून खाली बाण दाबत यायचा. कुठे रोख शिल्लक उणे झाली की थांबायचा. तिजोरीत उणे पैसे कसे असतील? मग शांतपणे एफ २ दाबून एखाद्या जमेची तारीख आठवडाभर मागे न्यायचा, नाहीतर एखादा खर्च पुढे ढकलायचा. पुन्हा बाण. पुन्हा उणे. पुन्हा एफ २. वर्षभराची रोकड संध्याकाळपर्यंत सरळ. आमचे सर म्हणायचे, याला हिशेब लिहिणं म्हणू नका, इस्त्री म्हणा.

पाश्चात्त्य सॉफ्टवेअर इथे छोट्या धंद्यात का चाललं नाही याचं कारण मला इथे दिसतं. ती मालकावर विश्वास ठेवत नाहीत. टॅलीने ठेवला. तो ठेवायला हवा होता का, हा वेगळा प्रश्न.

कीर्द_खतावणी

सीए साहेब, वाचून काळजात धस्स झालं. म्हणजे आम्ही ज्या ताळेबंदावर लिमिट मंजूर करत होतो...

सीए_आणि_चहा

तुमच्याकडे येणारा ताळेबंद तरी एकच असायचा, काका. मी एकाच फर्मच्या तीन 'कंपन्या' पाहिल्यात : एक बँकेसाठी, एक कर खात्यासाठी, एक घरच्यासाठी. अर्थात चोपड्यांच्या काळातही दोन चोपड्या होत्याच. टॅलीने फक्त कॉपी-पेस्टची सोय केली.

आडत_दुकान

इथे मला आक्षेप आहे. खोडणारा प्रत्येक जण चोर नसतो. हंगामात दिवसाला शेकड्याने पोती उतरतात, बाहेर सौदे चालू, आत दिवाणजी एका हाताने पट्टीचे (शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशेबाचे) कागद उलटतायत आणि दुसऱ्या हाताने कीबोर्डच्या उजव्या टोकाचे आकडे न बघता बडवतायत. यात तासगावच्या पाटलांची उचल कवठेमहांकाळच्या पाटलांच्या नावे पडणारच. तुमच्या सॅपच्या पद्धतीने उलटी एन्ट्री केली, तर बिचाऱ्याच्या खाते उताऱ्यावर कधीच न घेतलेली उचल आणि कधीच न भरलेली जमा अशी दोन्ही दिसणार. शेतकरी उतारा हातात घेऊन पहिला प्रश्न काय विचारेल? "हे पैसे मी कधी घेतले?" समजावताना नाकी नऊ येतात. खोडून सरळ केलं की वाद मिटला.

सीए_आणि_चहा

मान्य. आणि म्हणूनच कायद्यानेही प्रोप्रायटर आणि भागीदारी फर्मना हात लावलेला नाही. कंपन्यांना मात्र १ एप्रिल २०२३ पासून ऑडिट ट्रेल सक्तीचं झालं. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहिलीच पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. आधी २०२१ म्हणाले होते, मग २०२२, असं करत २०२३. टॅलीने त्यासाठी प्राइमची 'एडिट लॉग' नावाची वेगळी आवृत्तीच काढली, त्यात हे बंद करायची सोयच नाही. साध्या प्राइममध्ये तुमच्या मर्जीवर. म्हणजे आता एकाच कंपनीची दोन सॉफ्टवेअर आहेत : एक खोडरबरवालं, एक बिनखोडरबरवालं. कुठलं जास्त खपतं ते मला विचारू नका.

झिरो_बॅलन्स

आमच्या कंपनीत एडिट लॉग लागल्यापासून अकाउंटंट साहेब व्हाउचर सेव्ह करण्याआधी देवाचं नाव घेतात.

डेबिट_ताई

एवढे सगळे पुरुष बोलतायत, आणि एन्ट्र्या कोण मारतं? आम्ही!

मी बी.कॉम. झाले आणि गल्लीतल्या क्लासला टॅली शिकले. माझ्या बॅचमध्ये बहुतेक मुलीच. एमएस-सीआयटी झालं की पुढचा कोर्स टॅलीचा, हे आमच्या भागात ठरलेलंच होतं. पेपरात जाहिरात असायची 'टॅली येणे आवश्यक', पदवी कुठली ते खाली बारीक अक्षरात. लग्नानंतर नोकरी सुटली, पण टॅली सुटलं नाही. भोसरीत तीन-चार छोट्या वर्कशॉपचं काम घेतलं. दुपारी मुलं शाळेत असताना जायचं, बिलांची पिशवी उचलायची, बसून एन्ट्र्या संपवायच्या. आता तर मालक फोटो पाठवतात आणि मी घरून एनीडेस्क लावून करते. आमच्या सोसायटीत अशा अजून दोघी आहेत. कंपनीच्या इतिहासात हे कुठे लिहिलेलं नसेल, पण माझ्या मते टॅली पसरली ती क्लासवाल्यांमुळे आणि अशा पार्टटाइम बायकांमुळे. मालकाने सॉफ्टवेअर बदलायचं ठरवलं तर आधी त्याला माणूस बदलावं लागतं. तो कुठून आणणार?

आणि क्लासची गंमत : तिथे लायसन्स नसतं, एज्युकेशनल मोड असतो. त्यात महिन्याच्या फक्त १, २ आणि ३१ तारखेलाच एन्ट्री घेतो. आमच्या सरावातल्या 'श्री गणेश ट्रेडर्स'चा सगळा धंदा १ आणि २ तारखेला व्हायचा. उरलेला महिना गणेश काय करायचा देव जाणे.

सोलापुरी_चादर

डेबिट_ताई, आमच्या बॅचच्या एका पोराने पहिल्या नोकरीत मालकाला विचारलं होतं, "साहेब, ५ तारखेची एन्ट्री चालते का?" मालक म्हणे, का, अमावस्या आहे का?

७०४_ग्रस्त

नाव बघून काहींना कळलंच असेल. व्हॅट ऑडिटचा फॉर्म ७०४. ज्यांनी ती एक्सेल फाइल भरली आहे त्यांना कोपऱ्यापासून नमस्कार.

टॅली का टिकली याचं उत्तर तारखांमध्ये आहे. १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात व्हॅट आला. व्यापाऱ्यांनी त्याआधी बंदही पाळले होते. तोवर लहान दुकानदाराचं काम वर्षाकाठी सीएकडे पिशवी नेऊन ओतण्यावर भागायचं. व्हॅटमध्ये खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळायला लागली, म्हणजे खरेदीचं प्रत्येक बिल नोंदलेलं हवं, नाहीतर पैसे बुडाले. पहिल्यांदाच असं झालं की हिशेब लिहिल्याने रोख फायदा दिसू लागला. टॅलीचं ७.२ बरोबर त्या वेळी व्हॅट घेऊन बाजारात होतं. शिवाय सगळी राज्यं एकदम आली नाहीत. गुजरात २००६, तमिळनाडू २००७, उत्तर प्रदेश २००८. प्रत्येक राज्याचे दर वेगळे, फॉर्म वेगळे. आता आडत_दुकान यांचा फॉक्सप्रोवाला विचार करा. एकटा माणूस, त्याने किती ठिकाणचे फॉर्म बसवायचे? धागाकर्त्यांनी विचारलंय की गावोगावचे प्रोग्राम कुठे गेले. ते टॅलीने मारले नाहीत, विक्रीकर भवनाने मारले.

मग सेवाकर, टीडीएस, फ्रिंज बेनिफिट टॅक्स (हा आठवतोय का कुणाला? २००५ ला आला, २००९ ला गेला), मग आपल्याकडे एलबीटी (स्थानिक संस्था कर). जकात गेली म्हणून पेढे वाटले आणि २०१३ मध्ये एलबीटीने गाठलं. २०१५ ला ५० कोटींच्या आतल्यांचा सुटला. आणि मग १ जुलै २०१७, जीएसटी. ३० जूनच्या रात्री संसदेत घंटा वाजत होती आणि इकडे आम्ही गोदामात उरलेल्या मालाच्या याद्या काढत होतो. जुन्या मालावरच्या कराची वजावट ट्रान-१ या फॉर्ममध्ये दाखवायची होती ना. टॅलीचं रिलीज ६ तेव्हा जीएसटी घेऊन आलं.

सरकारने कर बदलला की टॅलीवाल्यांची दिवाळी. त्यांचा खरा सेल्समन दिल्लीत बसलेला आहे.

पुणे_३०

@७०४_ग्रस्त, हा मुद्दा पटला. एकट्यादुकट्या डेव्हलपरला दर बजेटनंतर धावणं शक्यच नाही. पण मग तो टॅलीच्या गुणवत्तेचा पुरावा होत नाही, करांच्या गोंधळाचा होतो.

७०४_ग्रस्त

गोंधळात जो वेळेवर हजर राहतो त्यालाच व्यापारी पैसे देतो. याला गुणवत्ता म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

डोंगल_काका

वीसेक वर्षं हेच सॉफ्टवेअर विकलं, आता मुलगा बघतो. दोन शब्द चोरीबद्दल, कारण तो विषय कुणी काढत नाहीये.

सुरुवातीला टॅलीबरोबर डोंगल यायचं. काडेपेटीएवढा डबा, कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचा आणि प्रिंटरची वायर त्याच्यावर. डोंगल नाही तर टॅली नाही. काही मालक रात्री दुकान बंद करताना डोंगल काढून तिजोरीत ठेवायचे, कॅशच्या शेजारी. सकाळी पुन्हा लावताना पिना वाकायच्या, मग मला फोन. एका गिऱ्हाइकाकडे कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने 'हे काहीतरी मधे अडकलंय' म्हणून काढून कचऱ्यात टाकलं होतं. तीन दिवस कचरा चाळला त्यांनी.

तरी चोरी थांबली का? छे. तोडलेल्या ७.२ ची सीडी कुठल्याही कॉम्प्युटर मार्केटात मिळायची. आम्ही डेमो द्यायला जायचो तर मालक म्हणायचा, "आहे की आमच्याकडे, तुम्ही फक्त ते चालत नाहीये ते बघा." तेव्हा जीव जळायचा. पण आज मागे वळून बघताना वाटतं, त्या चोरीच्या सीड्यांवरच अख्खी पिढी टॅली शिकली. डेबिट_ताई म्हणतात तो माणसांचा साठा असाच तयार झाला. पुढे डोंगल गेलं, लायसन्स इंटरनेटवरून चालू व्हायला लागलं. आणि जीएसटीनंतर दर थोड्या दिवसांनी फॉर्म बदलायला लागले तेव्हा तोडलेली कॉपी घेऊन बसणं परवडेना. जे कधी पैसे देणार नाहीत असं मी लिहून दिलं असतं, ते स्वतः चालत दुकानात आले.

अजून एक. लायसन्स एकदा घेतलं की ते कायमचं. दरवर्षीचं टीएसएस (अपडेटची वर्गणी) भरलं नाही तर नवीन आवृत्ती मिळत नाही, ऑनलाइन सोयी मिळत नाहीत, पण तुमचं टॅली उघडायचं थांबत नाही. हल्लीच्या महिन्याला भाडं घेणाऱ्या सॉफ्टवेअरांत पैसे थकले की आपलाच हिशेब आपल्याला दिसेनासा होतो. व्यापारी हे बरोबर ओळखतो.

मेडिकलवाला

सगळीकडे टॅलीच असं नाही हं. औषधांच्या होलसेलमध्ये या, 'मार्ग' नावाचं सॉफ्टवेअर दिसेल. बॅच, एक्स्पायरी टॅलीतही असतं, पण आमच्याकडे दहावर एक फ्री, अर्ध्या स्कीम, एक्स्पायरी परतीचे क्लेम, आणि काउंटरवर गिऱ्हाईक उभं. तिथे बिलाचा वेग लागतो. मग वर्षाअखेर सीए म्हणतो टॅलीत आणून दे. म्हणजे आम्ही मार्गमध्ये धंदा करतो आणि टॅलीत त्याचं श्राद्ध घालतो.

उत्तरेकडे 'बिझी' नावाचं सॉफ्टवेअरही खूप चालतं. ते २०२२ मध्ये इंडियामार्टने घेतलं. चेन्नईचं झोहो बुक्सही नवीन पोरं वापरतात.

देरा_दुबई

मूळ रत्नागिरी, आता दुबईत अकाउंटंट. इथे भारतीय मालकाच्या ट्रेडिंग कंपनीत टॅली हमखास सापडतं. १ जानेवारी २०१८ ला यूएईत ५ टक्के व्हॅट लागू झाला तेव्हा अरब, फिलिपिनो, पाकिस्तानी सगळे अकाउंटंट गोंधळलेले, आणि आपली मंडळी निवांत. दोन कर पचवून आलेली ना. इथल्या कर खात्याच्या मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरांत टॅली आहे. माझ्या आधीच्या ऑफिसात केरळी, गुजराती आणि मी मराठी. तिघांची समान भाषा एफ ५, एफ ६, एफ ७ (पेमेंट, रिसीट, जर्नल).

@पुणे_३०, 'आपल्या गल्लीत मोठी' म्हणालात. गल्ली जरा लांबपर्यंत आहे.

सोलापुरी_चादर

अवांतर : लक्ष्मीपूजनाला तुम्ही कशाची पूजा करता? आमच्याकडे आजोबांच्या हट्टाने कोरी चोपडी आणतात, हळदकुंकू वाहतात, स्वस्तिक काढतात आणि कपाटात ठेवतात. शेजारी लॅपटॉप. मागच्या वर्षी काकूंनी अक्षता टाकल्या त्यातल्या दोन अजून स्पेसबारखाली आहेत.

झिरो_बॅलन्स

म्हणूनच नॅरेशन (नोंदीखालचा तपशील) लिहिताना जागा सुटत नाही तुमची.

डेबिट_ताई

प्राइमबद्दल कुणीच तक्रार केली नाही? मी करते. ईआरपी ९ मध्ये बोटं बसलेली होती. क्रेडिट नोट कंट्रोल एफ ८, डेबिट नोट कंट्रोल एफ ९. प्राइममध्ये ती ऑल्ट एफ ६ आणि ऑल्ट एफ ५. कंपनी बदलायला एफ १ दाबला की मदत उघडते, कारण ते आता एफ ३ वर आहे. पहिले काही दिवस मी दिवसातून कितीदा 'मदत' मागितली याला सुमार नाही. पण ऑल्ट जी मात्र झकास. कुठेही असा, हव्या त्या रिपोर्टचं नाव टाका आणि थेट तिथे. अर्धवट व्हाउचर सोडून बाकी बघून परत येता येतं. फोनवर पार्टी ओरडत असते तेव्हा हे फार उपयोगी पडतं.

कीर्द_खतावणी

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. पुतण्याला लिंक पाठवली. त्याचं उत्तर : "म्हणजे काका, प्रॉडक्ट भारी नाही, परिस्थिती भारी." यावर कुणी काही म्हणेल का?

डोंगल_काका

पुतण्याला सांगा, परिस्थिती सगळ्यांना सारखीच होती. १९८४ च्या धोरणानंतर कॉम्प्युटर जरा आवाक्यात आले आणि हिशेबाची सॉफ्टवेअर देशभर निघाली. २००५ चा व्हॅट सगळ्यांना आला, २०१७ चा जीएसटी सगळ्यांना आला. फरक असा की ही मंडळी एकाच गोष्टीला चिकटून राहिली. मधे दुकानांच्या काउंटरसाठी 'शॉपर ९' विकून पाहिलं, पण मुख्य दुकान कधी हलवलं नाही. आणि पैसा घरचा असल्यामुळे दर तिमाहीला कुणाला वाढ दाखवायची घाई नव्हती. कंपनी आता आपले ग्राहक वीस लाखांहून जास्त सांगते.

सीए_आणि_चहा

मी भरत गोयंकांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. डेबिट-क्रेडिट न कळणाऱ्या मालकाला पेमेंट, रिसीट, सेल्स एवढंच विचारून मागे दुहेरी नोंद बरोबर करून ठेवायची, आणि बॅलन्स शीट कधीही, अगदी अर्ध्या दिवसातही, तयार ठेवायची, हे त्या काळच्या मशीनवर जमवणं सोपं नव्हतं. पुतण्याने तो डेटाबेस 'जुनाट' म्हणण्याआधी आठवावं की तो ६४० केबी मेमरीच्या पीसीसाठी घरी बनवलेला होता.

खोडण्याबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे. २०२३ ला जे कायद्याने करायला लावलं ते आधी 'टॅली ऑडिट' म्हणून नुसतं मर्जीवर होतं, ते स्वतःहून सक्तीचं करायला हवं होतं.

पुणे_३०

६४० केबीचा मुद्दा घेतला. त्याबद्दल माझा सलाम.

तरी शेवटचा प्रश्न आडत_दुकान यांना. तुमचा मुलगा दुकान घेईल तेव्हाही टॅलीच?

आडत_दुकान

मुलगा आत्ताच म्हणतोय, सगळं फोनवर पाहिजे. ब्राउझरमधून बाक्या बघतो तो, सौद्याला उभा असताना. मला अडचण नाही. पण डेटा आमच्या कपाटातल्या मशीनवरच राहणार, हे माझं आणि धाकट्या भावाचं ठरलंय. यार्डात लाइट जाते, नेट जातं, तेव्हा इन्व्हर्टरवर पट्टी निघाली पाहिजे. शेतकरी गाडी लावून थांबलेला असतो.

त्यावरून आठवलं. ईआरपी ९ मध्ये आमची मराठी पट्टी छापायचा टीडीएल होता, आडत, हमाली, तोलाई वजा करून निव्वळ रक्कम अक्षरी येणारा. प्राइमला गेल्यापासून अक्षरी रक्कम इंग्रजीतच येते. कुणाकडे चालणारा आहे का?

डोंगल_काका

आधी लेजरच्या नावांना मराठी उपनाव दिलंय का आणि छपाईची भाषा मराठी निवडली आहे का ते बघा. ते असेल तर टीडीएलमध्ये दुरुस्ती लागेल, मुलाकडे आहे. व्यनि केलाय.

आडत_दुकान

मिळाला. उद्या सौदे संपले की लावून बघतो. बॅकअप घेऊन ठेवलाय.